दुपारची भांडेवाली

१

माझ्या नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण फार जबरदस्त होतं, असं ऐकते. मला विचारू नका. ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. आमच्या लेआउटमधली, म्हणजे कॉलनीतली, शामला सांगते की मी वाचायला लागले तेव्हा कुरडयांचा सोऱ्या तिच्या हातात तसाच राहिला आणि पातेल्यातला चीक थंड होऊन गेला. शामलाचा हात थांबतो म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. जमीन हादरली तरी ती बाई हातातली कुरडई पुरी करूनच गच्चीवरून खाली उतरेल.

मी पंचफुला. माहेर पारशिवनीकडचं, शाळा चौथी नापास. नापास मी नव्हते, मास्तर होता, असं माझं मत आहे. पुढचं सगळं मी माझी मी शिकले, किराण्याच्या पुड्या वाचून, रद्दीवाल्याशी दोस्ती करून. चार कादंबऱ्या छापून आल्या. एका समीक्षकानं लिहिलं, अनुभव दांडगा आहे पण भाषेला शिस्त नाही. मी त्याला पोस्टकार्ड टाकलं की शिस्त कवायतीत असते, तिकडे जा.

पाचवी कादंबरी उद्याच्या नागपूरची, बिघडलेल्या नागपूरची. अशा पुस्तकांना डिस्टोपियन म्हणतात म्हणे. म्हणोत. माझा एकच नियम होता. बाकीचे लोक अशी गोष्ट धुरानं सुरू करतात, भोंग्यानं, बुटांच्या आवाजानं. धूर दिसला की वाचक खिडकी लावून घेतो. त्याला हसवत हसवत घरात घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि मग हळूच कडी लावायची. पहिलं प्रकरण म्हणजे ती कडी.

मे महिना होता. उत्तराच्या गच्चीवर ऊन यायच्या आधी आम्ही बाया जमलो होतो. प्लास्टिकवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी पडत होत्या, आणि अर्ध्या बाया चीक कुरडयांना कमी अन् तोंडाला जास्त लावत होत्या. मी खुर्चीवर बसून वाचलं. शामलाच्या सांगण्यावरून ते असं होतं: पुढचा कधीतरीचा काळ, ऊन इतकं की दुपारी कोणी दार उघडत नाही. त्या दुपारी एक भांडेवाली फिरते. आपल्या भांडेवाल्या जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देतात. ही बाई माणसाचं दुःख घेते. दिलं की देणारा ते विसरतो. बदल्यात नवं भांडं. साऱ्या शहराची भांडी चकचकीत, आणि डोळे कोरडे. प्रकरण तिच्या हाकेनंच सुरू होत होतं. ती हाक ऐकून हात थांबले, असं म्हणतात.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"मी माझी सासू देतो," शामला म्हणाली. "दोन पातेले दे म्हणा."

"तुझी सासू त कधीचीच गेली वं."

"म्हणून त पातेले. जिती असती त कुकर मागतला असता."

हसून हसून एकीच्या कुरडईचं शेपूट तुटलं.

"अन् तू का देशील, पंचफुलाबाई?"

"मी? मले कायचं दुःख हाय? नवरा अर्धा बहिरा, मूलबाळ नाही, अन् समीक्षक लोकं एकेक करून चालले. माझ्यासारखी सुखी बाई साऱ्या नागपुरात नाही!"

गच्ची पुन्हा हसली. उत्तरा हसली नाही. तिनं चिकाचा हात पुसला आणि विचारलं, "मग ज्याचं दुःख, ते माणूसच आठवत नाही? अजिबात?"

"नाही."

"बरं आहे की," ती म्हणाली.

२

उत्तरा मूळची नागपूरच्या महाल भागातली. बँकेतून निवृत्त झालेली, बोलणं स्वच्छ, साडीची घडी मोडायची नाही. माझं कुठलंही लिखाण आधी तिच्या कानावरून जातं. ती माझे ह्रस्व-दीर्घ सुधारते आणि मी तिचा स्वभाव. वीस वेळा भांडलो असू, एकविसाव्यांदा चहाला तिच्याकडेच.

तिचे यजमान दत्तोपंत जाऊन दोन उन्हाळे झाले. घरात त्यांचं एक काम ठरलेलं होतं. होळी झाली की कूलर खाली उतरवायचा, टाकी घासायची आणि वाळ्याच्या नव्या ताट्या सुतळीनं बांधायच्या. त्यांची गाठ अशी की चावून सुटणार नाही. शेवटच्या उन्हाळ्यातल्या ताट्या अजून तशाच होत्या. काळ्या पडलेल्या, गोळे झालेल्या, डबक्यासारखा वास मारणाऱ्या. हवा येत नव्हती. पण उत्तरा कोणाला हात लावू देत नव्हती. कारण गाठ त्यांची.

त्या दिवशी कुरडया आटोपल्यावर आम्ही त्या कुजक्या वासात चहा घेतला.

"सुरुवात छान आहे," ती म्हणाली. "पण एक सांगू? रागावशील."

"रागावले तर रागावले. सांग."

"दुःख, दुःख म्हणतेस. कुणाचं? केवढं? त्याला वास आहे का? तुझ्या प्रकरणातली बाई काहीतरी देते आणि हसते. नक्की काय गेलं ते मला दिसलंच नाही, मग मी घाबरू कशाला?"

मला ते लागलं, म्हणजे बरोबर होतं. मी कूलरकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"हे घेऊ?" मी विचारलं.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या पुस्तकात गेलं तर कुजणार तरी नाही."

मी घरी येऊन ते लिहिलं. दुपारी एक बाई भांडेवालीला नवऱ्याची गाठ देऊन टाकते. लिहून झाल्यावर मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली, हे मला आठवतं. लिहिलेलं आठवत नाही.

३

आमचं घर उत्तराच्या समोरच. दोन खोल्या, पुढे पोर्च, पोर्चला लोखंडी गेट. मी लिहिते ती खोली पुढची. कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचा पेला ठेवायची. पेला तोच, ठरलेला. लहान, पातळ, काठाजवळ ठिपक्या-ठिपक्यांनी 'लतिका' कोरलेलं. आमच्याकडे लतिका कोणी नाही. पण परक्या नावाचं एखादं भांडं कोणत्या घरात नसतं? पंगतीत बदलतं, हळदीकुंकवात येतं, वाटीतून भाजी शेजारी जाते आणि भलतीच वाटी परत येते. आमच्या फळीवर एका डॉ. देशपांड्यांचं झाकणही आहे. मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. त्या दिवसांत दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंही गाडीखालून निघत नाही. मी लिहीत बसले होते. शालिकराम, म्हणजे आमचे हे, हिंगण्याच्या कारखान्यात जन्म घालवून अर्धे कान मशीनला देऊन आलेला माणूस, आतल्या खाटेवर पडले होते.

आणि गल्लीत हाक आली.

भांडेवालीची होती, यात शंका नाही. ती चाल ओळखू येते, शेवटचं अक्षर ओढत नेतात ती. पण शब्द नव्हते. नुसती चाल. आणि टोपल्यातली भांडी एकमेकांवर आपटतात तो खणखणाट नव्हता.

मी म्हटलं, पंचफुला, हे तुझ्या प्रकरणाचं भूत आहे. दिवसभर भांडेवाली लिहिलीस, आता कानात शिरली. मग म्हटलं, कूलरची मोटर असेल. मी कूलर बंद केला. खोली एकदम गरम आणि मुकी झाली. हाक तशीच राहिली. उलट जवळ आली. समोर, उत्तराच्या गेटपाशी थांबली.

खरं सांगते, मला आनंद झाला. आपलं लिहिलेलं आपल्याच गल्लीत चालत आलं तर कोणत्या लेखिकेला होणार नाही? बघायला म्हणून मी उठले. तर आतून शालिकराम आले, माझ्या पुढून गेले आणि दाराची कडी लावली.

"काहून?" मी म्हटलं.

"ऊन हाय."

"ऊन का कडी काढून आत येते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कडीवर हात ठेवून उभे राहिले. मी हसले. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. त्यांची अशी खुळं होती. दर तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात त्या सणाला, बाजारातून एक बैल आणायचे आणि लेआउटमधल्या कुठल्या तरी पोरीला देऊन यायचे. मी म्हणायची, तुम्हाले दुसरं कामच नाही.

ते आत गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. या माणसाला स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी ऐकू येत नाही. गल्लीतली ती हाक कशी आली?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराच्या घरात पाय ठेवला आणि वास आला. ताज्या वाळ्याचा, ओल्या मातीसारखा गोड वास. कूलर भरभरून थंड वारा टाकत होता. हिरवट पिवळ्या नव्या ताट्या, त्यातून ठिबकणारं पाणी. उत्तरा स्वयंपाकघरात गुणगुणत होती. पोह्यांवर ओतायला तर्री उकळत होती, त्याचा झणका नाकात गेला.

"ये ये! बस. आज तुला डोळ्यांतून पाणी येईल अशी तर्री केलीय."

ती हसत होती. गाल चमकत होते. दोन वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. मलाही हसू फुटलं. असं घर असलं की आपोआप फुटतं.

"ताट्या बदलल्या?"

"मग काय! काय घाण झाली होती गं. आणि बांधल्या होत्या कुणी देव जाणे. अशी गाठ मारून ठेवलेली की कात्रीनं कापावी लागली."

मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

"कोणी बांधल्या होत्या, उत्तरा?"

"असेल कुणी कूलरवाला."

भिंतीवर दत्तोपंतांचा फोटो होता तिथेच होता, हार घातलेला. तिनं माझी नजर पाहिली.

"हे कोण गं?" तिनं मलाच विचारलं. "सासरकडचे कुणी असावेत. चेहरा बरा आहे."

चेष्टा करते आहे असं समजून मी तिच्याकडे बघत राहिले. उत्तराला चेष्टा जमत नाही. ती पोह्यांवर शेव पेरत होती. मग तिनं ओट्यावरचा एक स्टीलचा डबा मोठ्या कौतुकानं माझ्यापुढे ठेवला. नवा कोरा, चकचकीत.

"काल दुपारी भांडेवाली आली होती. घरात कुणाचा तरी जुना बुशशर्ट पडला होता, तो दिला. बघ, त्याच्यात एवढा मोठा डबा. आहे की नाही फायदा?"

डब्याच्या काठाजवळ ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं, 'दत्तोपंत'.

"भांडेवालीच्या डब्यावर नाव कसं?" मी विचारलं.

"पंगतीतला असेल कुणाचा. आपल्याला काय?"

लपवत नाही, एक क्षण मला वाटलं, राहू दे. बघा तरी किती छान दिसते आहे. थंड वारा, गरम पोहे, गाणं. मी कोण तिचं रडणं परत आणून देणारी?

मग तिनं विचारलं, "तुला कसलं वाईट वाटतंय?" आणि तिच्या त्या विचारण्यात, दोन वर्षं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलेली बाई कुठेच नव्हती.

"डबा दे," मी म्हटलं. "तुझ्या वाटणीच्या कुरडया भरून आणते."

५

घरी आले. पेल्यात पाणी घेऊन प्यायले. डबा टेबलावर, हातात पेला. मी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोन्ही नावांतला 'त' सारखाच वाकडा होता. त्याची काठी उजवीकडे झुकलेली, वाऱ्यात झुकावी तशी. एकाच हाताचं काम.

मी मनाला समजावलं की कोरणारा एकच असेल, बाजारात कितीसे असतात. बुद्धी असली की तिचा असा उपयोग होतो. मग पेला घेऊन मी आत गेले.

"लतिका कोण?"

शालिकराम पेपर वाचत होते. एरवी प्रत्येक गोष्टीला "आँ?" म्हणणारा माणूस. त्यांनी "आँ?" म्हटलं नाही. पेपर खाली घेतला.

"कोणी नाही."

"अहो, मी चार कादंबऱ्या लिहिल्या. खोटं बोलणारा माणूस मले पाठीवरून समजते."

ते चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

"आपली होती," ते म्हणाले.

कूलर चालू होता. पाणी ठिबकत होतं.

"हिंगण्याच्या खोलीत राहत होतो तवा. तापात गेली. तू खात नव्हती, बोलत नव्हती, दारात बसून राहायची. मले वाटे, तू पण जाशील. मग एक रोज दुपारी मी शिफ्टवरून आलो त तू भाकरी थापून राहिली होती अन् गाणं म्हणून राहिली होती. मले पाणी दिलं. नवा पेला. मी म्हटलं, पोरीच्या नावाचा पेला कवा केला? तू म्हणाली, कोणाच्या?"

"अन् तुम्ही चूप बसले?"

"तू हसून राहिली होती."

"एवढे वर्षं?"

"तू हसूनच राहिली होती, पंचफुला."

मला काय झालं म्हणता? काही नाही. तीच तर भीती. शेजारच्या गावातल्या कोणा बाईची गोष्ट ऐकावी तसं मी ऐकलं. डोळे कोरडे. छातीत हात घालून चाचपलं तर तिथे नुसती घासलेली, पुसलेली, चकचकीत जागा. आणि मला वाटत होतं ते प्रकरण मी रचलं! रचलं कुठे होतं, ते कधीचं आतून गळत होतं.

"तुम्ही नाही दिलं?" मी विचारलं. "तुमच्या दारातही आली असेल ती."

"आली होती. एका जणाजवळ त पाहिजे न पोरगी," शालिकराम म्हणाले.

६

हाक आली तेव्हा मी तयार होते. एका हातात पेला, एका काखेत डबा. डोक्यावर ऊन नको म्हणून जे हाताला लागलं ते घेतलं. टेबलावरचे कागद होते.

"नको जाऊ," शालिकराम दारात उभे. "परत आणशील त दुखन."

"दुखू द्या. माझं हाय."

त्यांनी कडी काढली. मग स्वयंपाकघरात गेले आणि एक कांदा आणून माझ्या पदरात बांधला, ऊन लागू नये म्हणून. अशा वेळीही मला हसू आलं.

डांबर मऊ झालं होतं. गल्ली पांढरी पडली होती. ती आमच्या दोन गेटांच्या मधे बसली होती, डोक्यावरून पदर खाली ओढलेला, रंग धुवून गेलेलं लुगडं. पुढे दोन टोपली. एकात भांडी, एकात कपडे. भांडी हलली तरी वाजत नव्हती.

"हे परत घे," मी म्हटलं. "अन् माझं मले दे."

"वापरलेलं घेत नाही, बाई." आवाज गोड होता. ओळखीचा वाटला.

"वापरलेलं! जन्मभर पाणी प्याली मी त्याच्यात. त्याचा भाव चढला पाहिजे का उतरला पाहिजे?"

"दिलेलं परत नसते."

"परत नसते म्हणून राहिली, म्हणजे हाय तुझ्याजवळ. ते का, ते पिवळं?"

कपड्यांच्या टोपल्यात पिवळा फ्रॉक होता. त्याच्यावर दत्तोपंतांचा निळा बुशशर्ट. कपडे रिकामे असले की चपटे पडतात. हे पडले नव्हते. फ्रॉकच्या फुग्याच्या बाहीत दंडाची गोलाई तशीच होती. बुशशर्टाचा खिसा सावकाश वर होत होता, सावकाश खाली.

मी तिथून पळाले असते. पण शालिकराम पोर्चमधून बघत होते.

"बदल्यात नवं लागते," ती म्हणाली. "चकचकीत." आणि पदरातून हात काढून माझ्या डोक्याकडे दाखवलं.

कागद.

"हे? हे माझं सगळ्यात चांगलं हाय!"

"म्हणून त."

प्रकाशकांनी माझं एक वाक्य कापायला मागितलं तेव्हा मी त्यांच्या ऑफिसात धरणं धरलं होतं. मी कागद छातीशी धरले. असं प्रकरण माणूस जन्मात एकदा लिहितो. मग फ्रॉककडे पाहिलं. अजूनही काही वाटत नव्हतं, आणि काही न वाटता त्या बाहीकडे बघणं मला सहन होईना.

"एक प्रकरण, दोन माणसं," मी म्हटलं.

"एक."

"दोन. तो शर्ट पण."

"एक, बाई."

"मग राहू दे." मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. इतवारीच्या बाजारात मी आयुष्यभर अशीच चालत आले आहे. वळून बघायचं नाही, हाच त्यातला हुन्नर.

"ये बाई," मागून आलं. "घे."

मी कागद दिले. ते घ्यायला तिनं मान वर केली आणि पदर थोडा सरकला. चेहरा असतो तिथे घासलेल्या वाटीच्या आतल्या बाजूसारखं काहीतरी चमकत होतं. त्यात मी दिसले. लहान, उलटी. ती उलटी मी खूप हसत होते. मी तेव्हा हसत नव्हते.

७

फ्रॉक हातात आला आणि मी रस्त्यावरच बसले. काय सांगू, किती जड होता! शालिकराम अनवाणी धावत आले. त्यांचे पाय पोळत होते आणि मी ओरडत होते, "अहो, तिनं बैलाले फ्रॉक घातला होता! तान्ह्या पोळ्याले! सारे पोट्टे हसत होते अन् ती म्हणे, माझा बैल नाही, बैलीण हाय!"

"हव," ते म्हणाले. "अन् बक्षीस तिलेच भेटलं."

आम्ही दोघं म्हातारे नवतप्यात डांबरावर बसून रडत होतो आणि हसत होतो. इतकी वर्षं त्या बैलिणीवर ते एकटेच हसत होते.

उत्तराला शर्ट नेऊन दिला. तिनं तो नाकाशी धरला. आधी कूलरकडे धावली. मग माझ्याकडे. "ती गाठ मी कापली गं! तू का नाही थांबवलंस मला? कशाला आणलंस हे परत, मेले?" तिच्या तोंडून मेले! इतक्या वर्षांतली तिची पहिली शिवी. मग आम्ही दोघींनी कचऱ्याचा डबा उलटा केला, सुतळीचे तुकडे शोधले आणि नव्या ताट्यांना बांधले. गाठ साधीच बसली, पण सुतळी त्यांची. शामला कुरडयांचं ताट घेऊन आली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणाली, "दोघी भैताड झाल्या का वं?" तर आम्ही हव म्हटलं.

प्रकरण गेलं. शामला मला त्यातली पहिली हाक अनेकदा म्हणून दाखवते. मी ऐकते आणि गाळणीतून पाणी जावं तशी ती जाते. आता नवीन लिहायला घेतलं आहे. ते फ्रॉक घातलेल्या बैलापासून सुरू होतं. उत्तरा म्हणते, चांगलं आहे, पण पहिल्याची सर नाही. मी म्हणते, नसू दे.

आत्ता दुपार आहे. दाराला कडी आहे आणि शालिकराम खुर्ची कडीला लावून बसले आहेत. मागच्या गल्लीतून हाक येते आहे. चाल तीच, पण आता तिला शब्द आहेत. कानात आहेत तोवर लिहून घेते: 'जे सोसवत नाही तेवढंच द्या, बाई. बाकीचं सगळं तुमचंच.'

"ऐकू येऊन राहिलं का?" मी विचारलं.

"आँ?" शालिकराम म्हणाले, आणि खुर्ची आणखी घट्ट लावली.

वाक्य चांगलं आहे. हसत हसत घरात घेतं. जिनं कोणी लिहिलं असेल, तिला लिहिता येतं. मागच्या गल्लीत एक कडी निघाली. मग दुसरी.